आक्का आणि फोटोंमागची वाक्यं

आक्काला दिसत नव्हतं, आणि तरी तिच्यासमोर थाप मारून कुणी सुटल्याचं मला आठवत नाही. मासेवाली पाटी उतरवून म्हणायची, "सरंगा ताजा आहे हो, आक्का." आक्का विचारायची, "डोळा कसा आहे त्याचा?" "चांगला आहे." "चांगला म्हणजे काय गो? फुगीर की बसलेला? काळा की धुरकट?" मासेवाली क्षणभर गप्प झाली, की आक्का पुढे केलेला हात मागे घ्यायची. "बसलेला आहे. राहू दे."

मुलांनो, आक्का गेली हे मी तुम्हांला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोणती आक्का?" जिच्या पडवीत सुट्टीभर तुम्ही पत्ते कुटलेत आणि जिला तुम्ही घाबरत होतात, ती. माझ्या घरापासून चार घरं सोडून उतारावर तिचं घर होतं. तिच्याबद्दल नीट लिहून ठेवावं असं तेव्हाच मनात आलं. फोनवर सांगायला गेलं की सांगायचं ते राहून जातं.

ती हायस्कुलात भूगोल शिकवायची. काचबिंदूनं दृष्टी हळूहळू नेली ती निवृत्तीनंतर. पण सवय वर्गातलीच राहिली. सहलीहून आलेल्या मुलीनं "बाई, धबधबा फार सुंदर होता" म्हटलं, की ही म्हणायची, "सुंदर तुला वाटला. होता कसा ते सांग." डोळे गेल्यावर हेच वाक्य तिनं आम्हां सगळ्यांना लागू केलं. संध्याकाळी आकाश कसं आहे विचारलं आणि मी "छान" म्हटलं, की ती खुर्ची वळवून बसायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, माझ्याकडे विशेषणांचा तोटा नव्हता. तिच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं.

यजमान गेल्यावर तिनं घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि सुमनला मदतीला घेऊन त्या चालवायला लागली. सुमन वाडीतलीच, हाताची चपळ आणि तोंडाची त्याहून. आक्काचा मुलगा मिलिंद ठाण्याला असतो. त्यानं खोल्यांची वेबसाइट बनवली, सुरुवातीला पाहुणे येतही होते. मग पायरीवरून घसरून आक्काचा हात मोडला, आणि तेव्हापासून मिलिंदचा रोजचा फोन एकाच वाक्यावर संपायला लागला. "आई, आता पुरे. इकडे ये."

त्यातच पाहुणे आटले. त्या वर्षी मे महिन्यातसुद्धा खोल्या रिकाम्या राहिल्या. नेटवर शोधलं तर आक्काचं घर कुठल्या कुठे मागे, कुणाला सापडेना. मिलिंदनं फोनवर स्पष्टच सांगितलं. मी तिथेच बसले होते, स्पीकर चालू होता.

"आई, दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरल्या तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही भरल्या तर घराला कुलूप लावून तू ठाण्याला यायचं. बोल."

"बोलायचंय काय त्यात? भरतील."

"कशा भरतील? साइट सापडतच नाही कुणाला."

"का सापडत नाही ते मी बघते," आक्का म्हणाली. 'बघते' हा शब्द ती कधीच टाळायची नाही.

आता तुम्हांला ठाऊक असेल, पण मला तेव्हा नव्हतं, म्हणून सांगते. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोच्या मागे एक मजकूर लिहिता येतो. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. डोळस माणसाला तो दिसत नाही. पण ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तो मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि नेटवर शोध घेणारं यंत्रही तोच वाचून फोटो कशाचा आहे ते ठरवतं. आक्काचा फोन असा बोलका होता. तिनं त्याला स्वतःची वेबसाइट वाचायला लावली, आणि फोनमधली बाई सुरू झाली. "रत्नागिरी होमस्टे, स्वस्त होमस्टे, समुद्राजवळ होमस्टे, बेस्ट होमस्टे." पुढचा फोटो. "रत्नागिरी होमस्टे, स्वस्त होमस्टे, समुद्राजवळ..." त्याच्या पुढचा. तेच.

"हा कसला फोटो आहे गो शैला?"

"हा? संडासाचा."

"तोही समुद्राजवळ?"

सुमन भांडी टाकून हसत सुटली. आक्का हसली नाही. तिनं मिलिंदला फोन लावला.

"आई, ते माणसांसाठी नसतंच. यंत्रासाठी असतं."

"मी माणूस आहे रे. मला तेच ऐकू येतं."

मिलिंद जरा ओशाळला. हल्ली असं एकच एक कोंबलेलं यंत्रालाही आवडत नाही, उलट ते साइटला मागे ढकलतं, हे त्यालाही अलीकडेच कळलं होतं. बदलायला हवं होतं, पण कामातून वेळ झाला नव्हता. "मी कुणाला तरी सांगतो," तो म्हणाला.

"कुणाला नको. आम्ही लिहू. तू फक्त आत शिरायचं कसं ते शैलाला सांग."

असं ते काम माझ्या गळ्यात आलं. श्रावणातले दिवस. दुपारची जेवणं आटोपली, की मी लॅपटॉप घेऊन तिच्या पडवीत जायची. मी फोटो सांगायचा, तिनं वाक्य सांगायचं, मी ते मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं. बाहेर पाऊस धरलेला, दिवाळी पुढे उभी. आक्का ढिलाई चालू देत नव्हती.

पहिलाच फोटो पडवीतल्या झोपाळ्याचा. मी झोकात एक इंग्रजी विशेषण लावलं आणि वाचून दाखवलं. "चार्मिंग? कोणी ठरवलं?" आक्का म्हणाली. "लिही. लाकडी झोपाळा, पितळी कड्यांवर टांगलेला."

"कड्या लोखंडी आहेत, आक्का."

"पितळी आहेत."

"एक पितळी आहे. बाकीच्या लोखंडी."

ती उठली, झोपाळ्यापाशी गेली, हात उंचावून एकेक कडी चाचपली. "म्हणजे मिलिंदनं बदलल्या," ती म्हणाली. "आणि आईला दिसत नाही, मग सांगायचं कशाला." त्यानंतर बराच वेळ ती नुसतं "पुढे" एवढंच म्हणत होती.

न्हाणीघराच्या फोटोवरून आमचं वाजलं. "आत जायला एक उंच पायरी आहे, ते लिही," ती म्हणाली.

"आक्का, लोक येणार नाहीत अशानं."

"ज्याचा गुडघा दुखतो तो येणार नाही. त्यानं एवढ्या लांब येऊन तोंड पाडून परत जाण्यापेक्षा बरं."

"आपल्याला खोल्या भरायच्यात ना?"

"भरायच्यात. फसवून भरल्या तर पुढल्या वर्षी कोण येईल? आणि मला दर वर्षी मिलिंदशी भांडायचंय."

समुद्राच्या फोटोतही तसंच. मिलिंदनं 'समुद्रकिनाऱ्यावर' लिहिलं होतं. आक्कानं विचारलं, माडांमधून किती दिसतो? मी म्हटलं, पट्टी दिसते. "मग पट्टी लिही. आणि किनारा उतरून चालत जावं लागतं, तेही."

या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली आणि मला ती अस्वस्थ करायला लागली. आक्काच्या मनात घराचं जे चित्र होतं ते दृष्टी गेली त्या वेळचं होतं. त्यानंतर घरात जे बदललं ते तिला कुणी सांगितलं असेल तेवढंच माहीत. फोटो मात्र आजचे. रोज कुठेतरी दोन्हींचा मेळ बसायचा नाही, आणि सांगायचं काम माझ्याकडे असायचं.

आता तिच्या घराची मागची बाजू डोळ्यांसमोर आणा. डोंगराचा उतार कापून केलेली सपाटी, तिच्यावर घर. वरची माती खाली येऊ नये म्हणून मागे चिऱ्यांचा उंच गडगा, चुन्या-सिमेंटाशिवाय नुसता चिऱ्यावर चिरा रचलेला. पाहुण्यांच्या खोल्या आणि आक्काची निजायची खोली या गडग्याच्या बाजूला. मध्ये परसाची चिंचोळी पट्टी, तिथे कपडे वाळत घालायची दोरी, आणि दोरीला दोन लोखंडी खांब.

मिलिंदला पावसाळ्यातले हिरवे फोटो हवे होते, म्हणून मी परसाचा नवीन फोटो काढला होता. जुना त्याचाच, उन्हाळ्यातला. आक्का म्हणाली, दोन्ही लागोपाठ सांग.

जुना सांगितला. दोरीवर पांढऱ्या चादरी, मागे चिऱ्यांचा गडगा, खांब आणि गडगा यांच्यामध्ये एक बालदी ठेवलेली. मग नवीन. गडग्यावर शेवाळ आणि नेचे, दोरी रिकामी, डावीकडचा खांब गडग्याला टेकलेला.

"काय म्हणालीस?"

"शेवाळ आणि नेचे..."

"खांबाचं."

"खांब गडग्याला टेकलाय."

आक्का ताठ झाली. "आणि आधीच्यात मध्ये बालदी होती."

तेव्हा मला कळलं मी काय सांगितलं ते.

"सुमन!" आक्कानं हाक मारली. "दोरीचा खांब हलवलास?"

"मी कशाला हलवू? सिमेटात पुरलेला खांब तो. कोन हलवनार, आक्का?"

आक्का उठली. छत्रीसाठीही थांबली नाही. भिंतीला हात लावत मागल्या दारानं परसात गेली, आम्ही दोघी तिच्या मागे. ती खांबापाशी पोचली, हात खाली सरकवत नेला आणि खांबामागे घालून पाहिला. दोरीची गाठ बांधायला ती तिथे सहज हात घालायची. आता तिची बोटंही आत जाईनात. मग तिनं तळहात गडग्यावर ठेवला आणि चिऱ्यांवरून चालत राहिली. मध्यावर आल्यावर तिचा हात पुढे आला. बसलेल्या माणसाचं पोट पुढे यावं तसा तिथे गडगा फुगला होता. तिथल्या फटींतून पाणी झिरपत होतं, आणि ते तांबडं होतं. मी ते सांगितलं.

"तांबडं म्हणजे गढूळ की नुसतं रंगाचं?"

"गढूळ. माती येतेय."

"मागल्या पावसात नितळ यायचं," सुमन म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता.

आम्ही आत आलो. मी म्हटलं, "आक्का, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. बाकीचं नंतर." ती पलंगावर बसली ती उठेना. ओल्या पदरातून पाणी ठिबकत होतं. सुमन दारात उभी, एक पाय बाहेर. पावसाचा आवाज कौलांवर वाढत होता आणि मी नकळत मागच्या भिंतीकडे बघत होते.

"हे कळलं की खोल्या बंद," आक्का म्हणाली. "सरपंच बंद करतील, मिलिंद करेल. दिवाळीचा प्रश्नच उरत नाही."

"हो."

"दिवाळीपर्यंत धरेल का गो?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही." मग थोड्या वेळानं, "इतकी वर्षं धरलाय त्यानं."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एखाद्या गोष्टीला 'असेल' म्हणून सोडून देताना ऐकत होते. मला भीती वाटली ती गडग्याची अधिक की तिची, सांगता येत नाही. सुमननं मात्र तोंड उघडलं. "आक्का, तुमचं तुमी बघा. पन पावन्यांची पोरं आनून इथं निजवनार काय तुमी?"

आक्कानं मान वर केली. तिला कुणी असं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, सुमननंही कधी बोलून पाहिलं नसावं.

"लॅपटॉप आण," आक्का मला म्हणाली. "तो फोटो उघड. लिही. घरामागचा चिऱ्यांचा गडगा. मधला भाग पुढे आलेला आहे. उन्हाळ्यात गडगा आणि खांब यांच्यामध्ये बालदी मावत होती, आता खांब गडग्याला टेकला आहे. फटींतून गढूळ पाणी येत आहे. गडग्याखाली निजायच्या खोल्या आहेत."

"धोकादायक असं लिहू?"

"तू काय इंजिनिअर आहेस? आहे तेवढं लिही. धोका वाचणाऱ्याला कळेल. मिलिंदला पाठव, सरपंचांना पाठव."

मिलिंदचा फोन लगेच आला. "आई, कुठे आहेस? बाहेर पड. आत्ता."

"खोल्या बंद कराव्या लागतील रे."

"खोल्या गेल्या खड्ड्यात!"

"तेच तर सांगत्ये तुला," आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

सरपंच माणसं घेऊन आले. त्यांनी गडगा पाहिला आणि खालच्या दोन घरांनाही बाहेर पडायचा निरोप धाडला. आक्कानं गॅस बंद करून घेतला, मेन स्विच पाडायला लावला. सुमननं देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले. निघताना आक्का उंबऱ्यात थांबली आणि दाराच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग म्हणाली, "चला, भिजतायत सगळे."

गडगा दुसऱ्या दिवशी सकाळी पडला. आम्ही माझ्या घरी चहा घेत होतो. ट्रकमधून चिरे ओतावेत तसा आवाज आला, आणि पाठोपाठ एक जड, ओला, बराच वेळ चाललेला आवाज. आक्काच्या हातातली बशी हलली नाही. "जाऊन ये," ती म्हणाली.

मी परत आले तेव्हा ती माझ्या पायरीवर उभी होती.

"सांग."

"गडगा मधून फुटला. वरची माती खाली आली. पाहुण्यांच्या खोल्या पडल्या. पुढचं घर उभं आहे, पडवी आहे."

"कोणी?"

"कोणी नाही. सगळे सुखरूप."

"माझी खोली?"

"मागची भिंत आत आलीय."

"पलंग दिसतो का?"

"नाही, आक्का. दिसत नाही."

तिनं मान हलवली आणि पायरीवर बसली. सुमन तिच्या शेजारी जाऊन बसली. तिनं आपला हात आक्काच्या हातावर ठेवला, आणि आक्कानं तो ठेवू दिला.

मिलिंद तिला न्यायला आला. त्याला आई हवी होती, पण अशी नको होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. निघण्यापूर्वी त्यानं उरलेल्या पडवीत तिचा एक फोटो काढला. ती म्हणाली, "मागे काय लिहिणार आहेस ते वाच." त्यानं तिथेच उभ्यानं टाइप केलं आणि वाचलं. "आई झोपाळ्यावर बसली आहे. शेजारी पिशवी आहे. आई रागावलेली आहे."

"रागावलेली दिसत्ये?"

"दिसतेस."

"मग ठेव," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या धांदलीत वेबसाइट कुणाच्या लक्षातच राहिली नाही. ती होती तशीच राहिली, आमच्या सगळ्या वाक्यांसकट. आक्काला फोन पटकन उचलता यायचा नाही म्हणून साइटवर नंबर माझा होता. दसरा झाला आणि माझा फोन वाजायला लागला. पुण्याहून, नाशिकहून, कुठून कुठून. एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे न्हाणीघराला पायरी आहे असं लिहिलंय. आईला धरायला काही आहे का तिथे? बाकी कुणी हे लिहितच नाही हो." मी प्रत्येकाला सांगत होते, घराची पडझड झालीय, खोल्या बंद आहेत. फोन ठेवला की पुन्हा वाजायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आक्कानं ठाण्याहून फोन केला. तब्येत, पाऊस, सुमनची मुलगी, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "साइटवरनं फोन येतात का गो?"

काही तरी मोघम सांगून टाकावं असं मनात आलं. पण समोर आक्का होती.

"येतात. रोज येतात."

"कोणत्या दिवसांचे?"

"सुट्टीतल्या सगळ्याच दिवसांचे. काही जणांना तर नाही म्हटल्यावर पुढच्या सुट्टीचं हवंय."

"म्हणजे भरल्या असत्या."

"भरल्या असत्या, आक्का. सगळ्या."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"थांब," ती म्हणाली, "मिलिंद इथेच आहे. त्याला सांग. मोठ्यानं सांग."

मी सांगितलं. मिलिंद "हो, मावशी," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या हातून फोन परत घेत आक्का म्हणाली, "पाहुण्यांना नुसतं बंद म्हणून तोडू नकोस हो. वरच्या आळीतल्या खोल्यांचा नंबर दे. आणि तिथे न्हाणीघर बाहेर आहे, तेही सांग."